मोठ्या खडपाची दुसरी खूण

आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला जिल्ह्याचा जो नकाशा टांगतात, त्यात जमीन भरगच्च आहे. मालवण, कुडाळ, वैभववाडी, घाट, नद्या, रेल्वेची काळी-पांढरी रेघ. डावीकडचा समुद्र मात्र नुसता निळा. पोरांना नकाशा दाखवताना माझा हात त्या निळ्यापाशी येतो आणि थोडा अडतो. माझ्या वडिलांना त्या निळ्यात सतरा ठिकाणं माहीत होती. त्यातली मला तीन माहीत आहेत. उरलेली चौदा कशी गेली ते मी इथे लिहिते आहे. त्यात माझा वाटा किती, तेही सांगणार आहे. झाकून ठेवण्याचा माझा स्वभाव नाही.

बाबा मच्छीमार. ट्रॉलर नाही, मोठी जाळी नाहीत. दोन वल्ह्यांची होडी आणि गऱ्या, म्हणजे गळ. गरीने मासे धरणाऱ्याला खडप लागतं. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. गोबरे, तांबोशी असे मासे त्याच्या कपारींना धरून राहतात. वरून काही दिसत नाही. पाणी इथे जसं, तसंच तिथे. दहा वाव, म्हणजे पसरलेल्या हातांनी दहा वेळा मोजावं एवढं, इकडेतिकडे झालं तर दिवसभर गरी टाकून बसा, चिखलातल्या शिंगाळ्याशिवाय हाताला काही लागणार नाही.

मग खडप सापडतं कसं? किनाऱ्याकडे बघून. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकीच्या मागे एक आल्या की तुम्ही एका रेषेवर असता. पण एका रेषेवर समुद्रभर फिरता येतं, जागा मिळत नाही. म्हणून दुसरीकडच्या आणखी दोन वस्तू जुळवायच्या. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना कापतात, तिथे खाली खडप. बाबांच्या सतरा खडपांच्या अशा चौतीस खुणा होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं डोळ्यांत.

आणि आमच्याकडे एक रीत होती. खूण तोंडाने सांगायची नाही. बायकोला नाही, भावाला नाही, घरात बसून तर अजिबात नाही. ज्याला द्यायची त्याला होडीत घालून न्यायचं, तिथे उभं करायचं आणि बघायला लावायचं. लोक म्हणत, दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून. बाबांचं कारण वेगळं होतं. ते म्हणत, "तोंडान सांगितलेली खूण आयकणारो आपल्या मनान रंगवता. मगे तेका समुद्रात गेल्यार आपलीच रंगवलेली दिसता."

खूण मुलग्याला द्यायची, हीही रीत. बाबांना मुलगा नव्हता. मी होते. मी चौथीत असताना त्यांनी मला होडीत घातलं.

वल्ही मारणाऱ्याची पाठ समुद्राकडे असते आणि तोंड किनाऱ्याकडे. मी त्यांच्यासमोर बसलेली, म्हणजे माझं तोंड समुद्राकडे.

"माझ्या तोंडाकडे काय बघतंस? माझां तोंड घराक आसाच. मागे वळ."

मी वळले.

"काय दिसता?"

"देवळाचो कळस."

"कळसाच्या पाठसून?"

"डोंगर."

"डोंगर आसतलोच गो, तो खंय जातलो! डोंगरार काय?"

डोंगराच्या माथ्यावर एक खाच होती. मी रोज तो डोंगर बघत होते आणि ती खाच तोवर बघितलीच नव्हती.

"खाच आसा."

"कळस खाचीत बसलो?"

"नाय. वायच उजवीकडे आसा."

"मगे तो खाचीत बसासर बघीत रव."

बसला. ती पहिली रेषा. दुसरीसाठी त्यांनी मला दक्षिणेकडच्या टोकाकडे बघायला लावलं. तिथे चिऱ्याच्या जुन्या खाणीची लाल भिंत होती आणि तिच्या पुढ्यात, किनाऱ्यावरच्या रस्त्याला लागून, एकटी उंडी. जुनं, घेरदार झाड. आम्ही कळसाची रेषा सांभाळत बाहेर जाऊ लागलो, तशी उंडी लाल भिंतीवरून हळूहळू डावीकडे सरकायला लागली. जणू कोणी ढकलत होतं. ती भिंतीच्या डाव्या कडेला टेकली तेव्हा मी ओरडले. बाबांनी वल्ही थांबवली, दोरीला बांधलेलं शिसं सोडलं आणि दोरी माझ्या बोटावर ठेवली. खालून टक् असं आलं. माझ्या दाताला कळलं ते.

"ह्यां मोठां खडप," बाबा म्हणाले. "माझ्या बापाशीन माका हंयच आणल्यान होतो. उंडी म्हंजे सगळ्यात सोपी खूण. आंधळ्याकय दिसात."

त्या मोसमात त्यांनी मला आणखी दोन खडपं दाखवली. तिसऱ्याच्या वेळी म्हणाले, एक खूण मी देतो, दुसरी तुझी तू शोध. मी मोठ्या ऐटीत किनारा न्याहाळला. डोंगराच्या उतारावर, काजूच्या झाडाखाली, एक पांढरं काहीतरी होतं. स्पष्ट, एकटं, लांबून दिसणारं. खूण अशीच असायला हवी ना! मी ते धरलं. बाबांनी वल्ही परत उचलली. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. मी बघते तर पांढरं काही नाहीच.

"बाबा, खूण गेली!"

"खंय गेली?"

"नाय थंय."

बाबा इतके हसले की वल्हं हातातून निसटून पाण्यात पडलं. "गो, ती गाय! सकाळची चराक येता, सांजची गोठ्यात जाता. मगे खडपय गोठ्यात जातलां काय?"

त्यांना ती गाय आहे हे आदल्या दिवशीच माहीत होतं. मुद्दाम धरू दिली. आणि आईला सांगितलं. आई मालवणच्या बाजारात मासे विकायला बसायची. तिने ते बाजारभर केलं. पुढे कित्येक वर्षं मी आईला डबा द्यायला गेले की बाजूची मावशी विचारायची, "काय गो, आज गायीर गेल्लंस काय? गाबोळीचो मासो गावलो काय दूध गावलां?"

मी शाळेत हुशार नव्हते. पाठांतर जमायचं नाही. बाई फळ्यावर व्याख्या लिहायच्या, वर्ग एका सुरात म्हणायचा, आणि माझ्या डोक्यात त्यातलं काही टिकायचं नाही. सातवीत तर मी घरी बसणार असं जवळजवळ ठरलं होतं. आठवीत भूमिती आली. दोन रेषा एकमेकींना एकाच बिंदूत छेदतात, हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. वर्ग पाठ करू लागला. मला पाठ करावं लागलं नाही. मी त्या बिंदूवर बसून मासे धरले होते.

तिथून मी सुटले ते सुटलेच. जे शिकायचं त्याचं आधी चित्र काढायचं, हे मला कळलं. इतिहासाचं, विज्ञानाचं, मराठीच्या कवितेचंसुद्धा. वहीत अक्षरं कमी, चित्रं जास्त. दहावी झाले, बारावी झाले, बीए झाले. बाबांच्या आणि आईच्या, दोन्हीकडच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे, आजही आहे. पुढे जे झालं ते वाचून कोणी म्हणेल, शिकली म्हणून बापाला विसरली. तसं नाही. मी जे शिकले ते बापामुळेच. म्हणूनच तर जास्त लागतं.

बीएडला माझा नंबर कुडाळच्या बाजूच्या एका कॉलेजात लागला. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. पहिल्याच वर्षी आमच्याकडून सराव पाठ घेत. पाठाचं टाचण लिहायचं, कार्डशीटवर तक्ते काढायचे, मग शाळेत जाऊन शिकवायचं आणि मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक गुण देत बसायचे. माझे तक्ते सगळ्यांत चांगले. वाऱ्यांचे प्रकार, पृथ्वीचं अंतरंग, डोंगराच्या समोच्च रेषा. 'अध्यापनात दृक् साधनांचे महत्त्व' या विषयावर निबंध लिहायचा होता. तो मी एसटीत पाठ करायचे. पाठांतराचा मला कंटाळा, पण तेव्हा गुण हवे होते.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका सकाळी एसटी वाटेत थांबली. रस्त्यावर एक झाड पाडलेलं होतं, माणसं करवतीने खांडोळ्या करत होती. तिथे हॉटेल होणार होतं, पर्यटकांसाठी. कंडक्टर खाली उतरून भांडला, ड्रायव्हरने बिडी पेटवली. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मी खिडकीतून बघितलं. उंडी होती. जाड खोड, आतून तांबूस. मी परत कागदाकडे वळले. 'डोळ्यांनी मिळवलेले ज्ञान दीर्घकाळ टिकते.' हे वाक्य मी त्या थांबलेल्या एसटीत पाठ केलं, हे मला नेमकं आठवतं.

रस्त्यावरून ती नुसती एक उंडी होती. खूण ती समुद्रावरून होती. मी तिच्याकडे खूण म्हणून समुद्रावरूनच काय ते बघितलेलं, लहानपणी. मला ओळखू आली नाही. खरंच सांगते, मनातसुद्धा आलं नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाबा रिकाम्या होडीने परत आले. होडी नेहमीपेक्षा वर, माडांच्या मुळापर्यंत ओढली. आई बाजारातून आली होती.

"आज लवकर?"

"होडी बंद. माका खूण दिसणा नाय."

"कसली खूण?"

बाबा वल्ही उचलून आत गेले. कसली ते तोंडाने सांगायचं नव्हतं.

त्यांचे डोळे वर्षभर कुरकुरत होतेच. बाजूने आलेलं माणूस त्यांना दिसायचं नाही, उंबऱ्याला पाय आपटायचा. वाडीत सगळे म्हणाले, मोतीबिंदू. पिकला की काढतात. आईनेही तेच धरलं. मी म्हटलं, दाखवून येऊ या, तर म्हणाली, "पिकान दे तर खरो. कच्चो काडून अढीत घालूक तो काय आंबो आसा?" आम्ही हसलो. बाबाही हसले.

दोन दिवसांनी बाबा माझ्या तक्त्यांपाशी येऊन उभे राहिले. मी जमिनीवर पसरून समोच्च रेषा रंगवत होते.

"ह्यां काय?"

"डोंगर, बाबा. वरसून बगितलेलो."

"वरसून डोंगर बघूचो कित्याक?" असं म्हणून ते खाली बसले. मग म्हणाले, "बाय, दोन आयतवार दी माका. सगळी खडपां दाखवतंय. माका आता नीट दिसणा नाय, पण अंदाज आसा. बघूचां तू. एका आयतवारात भागूचां नाय. दोन दी."

"बाबा, सराव पाठ आसत माझे. दिवाळी झाली काय जावया."

"बरां."

दिवाळी झाली. मग शाळेवर महिनाभर पाठ आले. मग परीक्षा. मग समुद्र खवळला आणि होड्यांवर माडाच्या पातींची विणलेली झापं पडली. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते मागणारे नव्हते. पण म्हणून मी विसरायचं का? रविवारी मी घरीच असायचे. घरी बसून रंगवत असायचे.

माझ्या चुलतभावाकडे इंजिनाची बोट आणि जीपीएस होतं. त्याने एकदा बाबांना गळ घातली. "काका, एक डाव माझ्या वांगडा चला. खडपार इल्यार सांगा, मी बटन दाबतंय. जल्मभर जावचां नाय."

"तुझ्या मशिनीक डोळे आसत?"

"डोळे कित्याक व्हये तेका?"

"मगे तेका दाखवू काय?" बाबा म्हणाले. "माझ्या चेडवाक दाखवतलंय. तिका सुटी नाय हल्ली."

टोमणा नव्हता तो. खरंच मला सुटी नाही असं त्यांना वाटत होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानच होता.

पुढच्या वर्षी आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की तो काचबिंदू आहे. मोतीबिंदू पिकण्याची वाट बघत आम्ही भलतीच वाट बघत होतो. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेने जाते, मधली शेवटी. गेलेली परत येत नाही. आता थोडी उरली आहे, ती औषधाने जितकी टिकेल तितकी. बाबांनी शांतपणे ऐकलं. भिंतीवर अक्षरं न येणाऱ्यांसाठीचा तक्ता होता, त्यातल्या चिन्हाचे पाय कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. त्यांनी वरच्या तीन ओळी दाखवल्या. मला तेव्हा नवल वाटलं होतं. दिसत नाही म्हणून होडी ओढून ठेवलेल्या माणसाने तीन ओळी कशा वाचल्या? हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. एसटी पकडायची होती.

मी बीएड झाले, नोकरी लागली. तोवर बाबांना उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं. पावसाळा संपून समुद्र निवळला. शाळेला सलग सुट्या आल्या, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, चला. आता जावया."

"आता?" ते हसले. "आता माका काय दिसता?"

"तुमका दिसाक नको. तुमी सांगा, मी बघतंय. पाण्यार बसान सांगितल्यार रीत मोडणा नाय."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. "नाय मोडणा," म्हणाले.

होडी तीन मोसम कोरडी पडून तडकली होती. चुलतभावाने फटी बुजवून दिल्या, पाण्यात ढकलून दिली आणि शहाण्यासारखा मागे राहिला. बाबा वल्ह्यांवर बसले. हातांना सगळं येत होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांनी सांगायच्या आधीच मागे वळले.

"पयल्यांदा मोठ्या खडपार जावया," बाबा म्हणाले. "थंयसून मगे एकेक गावत जातला. मोठां गावलां म्हंजे सगळी गावली. कळस बघ."

"दिसता."

"खाचीत बसलो?"

"वायच रवा... बसलो."

"बसलो मां!" त्यांचा चेहरा असा उजळला की मी परत वळून त्यांच्याकडेच बघत राहिले. "आता तशीच रेघ धरून सांगीत रव. उंडी बघ."

मी दक्षिणेकडे बघितलं. लाल भिंत नव्हती. तिच्या पुढ्यात तीन मजली हॉटेल होतं, निळ्या पत्र्याचं. उंडी नव्हती. आणि त्या क्षणी ती थांबलेली एसटी, ती करवत, तांबूस खोड, सगळं माझ्यासमोर एकदम उभं राहिलं.

मी सांगायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड अजून गेला नव्हता. बाबा वल्ही मारत होते, गुणगुणत होते. मला वाटलं, अंदाजाने गाठू. हॉटेलच्या कुठल्या बाजूला ती असेल, भिंतीची कड कुठे असेल.

"इली काय उंडी कडेर?"

"येता हा... इली, बाबा."

बाबांनी वल्ही थांबवली. शिसं सोडलं. दोरी स्वतःच्या बोटावर धरली. काही आवाज आला नाही.

"चिकल," ते म्हणाले. "वायच फुडे इलांव. परत बघ. घाई नाय."

आम्ही मागे आलो. मी परत निळ्या पत्र्याकडे बघून म्हटलं, "आता इली." शिसं परत चिखलात गेलं. बाबांनी दोरी हळूहळू गुंडाळली, वावावावाने, आणि शिसं पायांशी ठेवलं.

"बाय, उंडी दिसणा नाय, काय उंडीच नाय?"

मी परत त्या निळ्या पत्र्याकडे बघितलं.

"सांग गो. मी आंधळो आसंय, वेडो नाय."

"नायच, बाबा. तोडली."

"कवा?"

"मी बीएडच्या पयल्या वर्साक होतंय तवा. दिवाळीच्या आधी." आणि मग बाकीचंही सांगितलं. एसटी थांबली होती, मी बघितलं होतं, मला ओळखू आलं नव्हतं.

बाबा बोटांवर महिने मोजायला लागले. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. त्यांना जे कळत होतं ते मलाही त्यांच्याबरोबरच कळत गेलं.

त्या दुपारी ते मोठ्या खडपावर गेले होते. कळस दिसला. उंडी दिसली नाही. आंधळ्यालाही दिसेल ती उंडी. सगळ्यात सोपी खूण. डॉक्टरांच्या भिंतीवर जसा तक्ता असतो, तसा बाबांचा तक्ता ती उंडी होती. तीच दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी धरलं की डोळे संपले. कोणाला विचारायची सोय नव्हती. उंडी आहे का रे, एवढं विचारलं असतं तरी खूण तोंडाने सांगितल्यासारखं झालं असतं. घरी आले, होडी वर ओढली आणि बसून राहिले.

"म्हंजे तवा," बाबा म्हणाले, "माका दिसत होतां."

मी रडायला लागले.

"उंडी नाय होती. डोळे होते." ते माझ्याशी बोलत नव्हते. "वरसभर तरी होते गो. बसान घालवलंय."

मी एक रविवार दिला असता तर होडीत मागे वळून बघितलं असतं आणि सांगितलं असतं, बाबा, उंडी नाही. एवढंच. त्यांना आपले डोळे परत मिळाले असते, वर्षभरासाठी. आणि मला चौदा खडपं.

थोड्या वेळाने मी डोळे पुसले आणि म्हटलं, "बाबा, कळसाची रेघ आसा. तिच्यार शिसां टाकीत जावया. गावात मोठां खडप."

"गावात," ते म्हणाले. "पण तां शोधणां. दाखवणां न्हय."

मग वल्ही उचलून म्हणाले, "चल. तुझी आवस वाट बघीत आसात."

परत येताना मी दिशा सांगत होते. ते समुद्राकडे तोंड करून वल्ही मारत होते, त्यांचे डोळे उघडे होते, आणि मी एकदाही मागे वळले नाही.

त्यानंतर खडपांचा विषय घरात निघाला नाही. मी दोनदा काढला. त्यांनी दोन्हीदा चहा मागितला. बाकीच्या खडपांची वाट आता त्यांच्या अंदाजात मोठ्या खडपापासूनच सुरू होत होती, आणि त्यातल्या किती अजून उभ्या होत्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वर्षभराने चुलतभाऊ एक मोठा गोबरा घेऊन आला. बाबांच्या हातात दिला. त्यांनी माशाच्या पाठीवरून, जबड्यावरून बोटं फिरवली.

"खडपावरचो."

"तुमच्याच मोठ्या खडपार गावलो, काका! तळ दाखवणाऱ्या नव्या मशिनीन दाखवल्यान. एवढां मोठां दुसरां खंय आसा? आता आकडो आसा माझ्याकडे." आणि त्याने तो आकडा वाचून दाखवला, मोठ्या आनंदाने. त्याचा काही दोष नव्हता.

"आकडो माका कित्याक?" बाबा म्हणाले. "थंयसून काय दिसता तां सांग."

चुलतभाऊ गडबडला. "थंयसून? पाणी दिसता, काका."

बाबांनी मासा आईकडे दिला. "तिखलां कर," म्हणाले.

मी आज पोरांना नकाशा शिकवते. शाळेत मोठा टीव्ही आला आहे, त्यावर पृथ्वी गरगर फिरते, ज्वालामुखी फुटतो. पोरं बघतात आणि विसरतात. चित्र पुढ्यात ठेवलं की शिक्षण झालं, असं मी पूर्वी निबंधात लिहिलं होतं आणि त्याला गुणही मिळाले होते. आता मी वर्ग मैदानावर नेते. ध्वजाचा खांब आणि पलीकडची पाण्याची टाकी एका रेषेत आणा म्हणते. मग दुसरी रेषा. पोरं धावतात, ढकलाढकली करतात, आणि दोन रेषा कापतात तिथे एकजण पाय आपटून ओरडतो. तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं. घरी येते तेव्हा वाटत नाही.

बाबा गेल्या पावसात गेले. शेवटचे काही महिने ते पडवीत बसून असत. शाळेतून आले की मी त्यांच्यापाशी बसायचे. एका संध्याकाळी त्यांनी अचानक विचारलं, "ती गाय खंय होती गो?"

मला लगेच कळलं कोणती ते.

"डोंगराच्या उतारार. काजीच्या मुळात."

"तोंड?"

"डोंगराकडे."

"शेपटी?"

"हलवीत होती."

"मगे तुका कळाक नाय? खूण कधी शेपटी हलवता?" आणि ते हसले, तेव्हासारखे नाही, पण हसले.

मग ते रोजच विचारायचे. मी रोज सांगायचे. काजूचं झाड, वाकडी फांदी, खाली ती पांढरी गाय, डोंगराकडे तोंड करून. कधी मी सांगायच्या आधी ते सांगायचे आणि मी नुसती हो म्हणायचे. वीस वर्षांपूर्वी एका सकाळी तिथे चरून गेलेली गाय. सतरा खडपांच्या चौतीस खुणांमध्ये ती कधीच नव्हती. पण आम्हां दोघांना सारखं दिसेल असं एवढंच उरलं होतं.